विश्लेषण : उणे तीस अंशांत चाकांवरचे घर… अमेरिकेत ट्रेलरमधला हिवाळा इतका महाग का पडतो?

अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायच्या 'ट्रॅव्हल ट्रेलर'मध्ये अनेक जण वर्षाचे बाराही महिने राहतात. कुणी हौसेने, तर कुणी घरभाडे परवडत नाही म्हणून. उन्हाळ्यात हे राहणे सुटसुटीत वाटते. मात्र उत्तरेकडच्या राज्यांत पारा उणे वीस, उणे तीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, की हेच घर गॅस, वीज, पाणी आणि हवा या चारही आघाड्यांवर रहिवाशाची परीक्षा घेते. सुटीसाठी बांधलेले हे घर हिवाळ्यात नेमके कुठे कमी पडते आणि तरीही लोक त्यात का राहतात, याविषयी…

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय?

ट्रॅव्हल ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. पिकअप ट्रक किंवा मोठ्या मोटारीच्या मागे तो जोडायचा आणि हवा तिथे न्यायचा. ज्याला स्वतःचे इंजिन असते, ती 'मोटरहोम'. दोन्ही प्रकार 'रिक्रिएशनल व्हेइकल' म्हणजे आरव्ही या नावाखाली मोडतात. रस्त्यावरून न्यायचा असल्याने ट्रेलरची रुंदी साधारण साडेआठ फुटांच्या आत ठेवतात. लांबी पंधरा फुटांपासून पस्तीस फुटांपर्यंत असू शकते. एवढ्या जागेत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि शौचालय बसवलेले असते. पोटाखाली तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणी आणि मोरीच्या सांडपाण्याची, तर तिसरी शौचालयाची. अमेरिकेतील बहुतांश आरव्ही इंडियाना राज्यात तयार होतात. तिथले एल्कहार्ट शहर या उद्योगाची राजधानी मानले जाते. करोनाकाळात, २०२१ मध्ये, सहा लाखांहून अधिक आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. तो या उद्योगाचा उच्चांक होता.

लोक त्यात बारमाही का राहतात?

याचे ठळक उदाहरण नॉर्थ डकोटा राज्यातील विलिस्टन या गावाचे. या भागातील 'बाकेन' खडकांतून तेल काढण्याचे तंत्र साधले आणि २००८ नंतर तिथे कामगारांचा लोंढा सुरू झाला. देशभर मंदी असताना इथे मात्र हाताला काम होते. २०१० च्या जनगणनेत विलिस्टनची लोकसंख्या १४,७१६ होती, ती २०२० मध्ये २९,१६० झाली. राज्याचे तेल उत्पादन २०१४ मध्ये दिवसाला दहा लाख पिंपांच्या पुढे गेले. नोकरी होती, पगार होता, पण राहायला घर नव्हते. २०१४ च्या एका पाहणीत विलिस्टनमधील सातशे चौरस फुटांच्या एका खोलीच्या सदनिकेचे सरासरी भाडे महिना २,३९४ डॉलर निघाले. न्यूयॉर्कपेक्षाही जास्त! मग कामगार ट्रेलर घेऊन आले, कुणी मोटारीतच झोपले. 'द ओव्हरनाइटर्स' या २०१४ च्या माहितीपटात विलिस्टनमधील एका चर्चने अशा लोकांना दिलेला आसरा आणि त्यावरून गावात उठलेला वाद दिसतो.

याच भागातील पार्शल या गावात १५ फेब्रुवारी १९३६ रोजी उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. राज्याचा तो आजवरचा नीचांक. एवढी थंडी दरवर्षी पडत नाही. पण जानेवारीतली साधी रात्रही इथे उणे पंधरा अंशांखाली असते आणि उणे तीसची लाट आली तरी गावकऱ्यांना त्याचे फार नवल वाटत नाही.

दुसरे उदाहरण नेवाडा राज्यातील एम्पायर गावाचे. तिथला जिप्समचा कारखाना २०११ मध्ये बंद पडला आणि त्याच्या आधाराने उभे असलेले अख्खे गाव रिकामे झाले. अशा, घर गमावलेल्या किंवा घर न परवडणाऱ्या उतारवयातील माणसांच्या फिरत्या आयुष्यावर पत्रकार जेसिका ब्रुडर यांनी 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिले. त्यावरच्या क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तेव्हापासून चाकांवरचे घर जगभर चर्चेत आले.

थंडी आत कशी शिरते?

ट्रेलर वजनाला हलका ठेवावा लागतो, नाहीतर मोटार तो ओढणार कशी? त्यामुळे त्याची भिंत जेमतेम दीड-दोन इंचांची असते. लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ सांगाड्यात काचतंतू किंवा फोम भरतात आणि दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकतात. थंड प्रदेशातील पक्क्या घराच्या भिंतीत याच्या दुप्पट-तिप्पट उष्णतारोधक थर असतो. ट्रेलरच्या खिडक्या बहुधा एकेरी काचेच्या. छतावरची वायुवीजनाची झाकणे तर नुसत्या प्लास्टिकची. धातूचा सांगाडा असेल तर आतली ऊब त्यातून थेट बाहेर वाहते.

घराच्या जमिनीखाली माती असते आणि ती हिवाळ्यातही हवेइतकी गार होत नाही. ट्रेलरच्या जमिनीखाली मात्र मोकळी हवा आणि वारा. म्हणजे हे घर वरून, खालून आणि चारही बाजूंनी थंड होते. त्यात आकार लहान. आतल्या हवेच्या मानाने बाहेरच्या पृष्ठभागाचे प्रमाण मोठ्या घरापेक्षा बरेच जास्त. लहान वाटीतला चहा पातेल्यातल्या चहाआधी निवतो, त्याचे कारणही हेच.

ढोबळ हिशेब करू. पंचवीस-सव्वीस फुटी ट्रेलर, बाहेर उणे ३० आणि आत २० अंश. भिंती, छत, जमीन, खिडक्या आणि फटी यांतून मिळून साधारण सहा किलोवॉट इतकी उष्णता सतत बाहेर जाते. म्हणजे दीड किलोवॉटचे चार हीटर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे. यानंतरचे सगळे प्रश्न या एका आकड्यातून उभे राहतात.

गॅस किती लागतो?

ट्रेलरची मुख्य ऊब प्रोपेन गॅसवरच्या भट्टीतून, म्हणजे 'फर्नेस'मधून येते. भट्टी गॅस जाळते, पंखा गरम हवा नळ्यांतून आत सोडतो आणि धूर वेगळ्या वाटेने बाहेर जातो. जळालेल्या गॅसची सगळीच ऊब खोलीत येत नाही, काही धुराबरोबर जाते. हे धरून वरच्या हिशेबाने उणे ३० च्या दिवशी सुमारे १३ किलो गॅस लागतो. उणे १० असेल तर आठ किलोच्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातला सिलिंडर १४.२ किलोचा असतो आणि एखाद्या छोट्या कुटुंबाला तो महिना-दीड महिना पुरतो. तिथे तेवढाच गॅस लाटेच्या दिवसांत एका दिवसात आणि एरवी दोन दिवसांत संपतो. बहुतेक ट्रेलरच्या पुढच्या बाजूला दोनच सिलिंडर असतात, ९ किंवा १३.६ किलोचे. त्यामुळे सिलिंडर बदलणे, भरून आणणे आणि बर्फातून ते ओढत नेणे हे हिवाळ्यातले रोजचे काम होऊन बसते. पहाटे तीन वाजता सिलिंडर संपला, तर पाच वाजेपर्यंत आतले पाणी गोठायला लागलेले असते.

इथे आपल्या गॅसशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट कळते. आपल्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचे मिश्रण असते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे त्याहून थंड हवेत त्याची वाफच होत नाही, तो सिलिंडरच्या तळाशी द्रव होऊन पडून राहतो. शुद्ध प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून थंड देशांत तोच वापरतात. पण त्यालाही मर्यादा आहे. थंडी वाढते तसा सिलिंडरमधला दाब घटतो, वाफ होण्याचा वेग मंदावतो. लहान सिलिंडरमधून भट्टीला हवा तितका गॅस सुटत नाही. म्हणजे सर्वात जास्त ऊब लागते, नेमका तेव्हाच गॅस कमी येतो. त्यामुळे एका जागी मुक्काम ठोकणारे अनेक जण गॅस पुरवठादाराकडून मोठी टाकी भाड्याने घेतात. टाकी मोठी, तर द्रवाचा पृष्ठभाग मोठा आणि वाफही जास्त. शिवाय टाकी भरायला गाडी दारात येते.

मग विजेवर का भागत नाही?

आरव्ही पार्कमध्ये प्रत्येक जागेशी विजेचा खांब असतो. साध्या ट्रेलरला ३० अँपिअरची जोडणी मिळते. अमेरिकेतील १२० व्होल्टच्या हिशेबाने ती ३,६०० वॉट होते. दीड किलोवॉटचे दोन हीटर लावले की ३,००० वॉट तिथेच गेले. वर मायक्रोवेव्ह चालू केला की ब्रेकर खाली! म्हणजे गरज सहा किलोवॉटची आणि हातात त्याच्या जेमतेम निम्मी वीज. मोठ्या ट्रेलरना ५० अँपिअरची जोडणी असते, त्यांचे थोडे बरे चालते.

वीज मिळाली असे गृहीत धरले तरी बिल डोळे पांढरे करणारे. सहा किलोवॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला १४४ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलातला पहिला टप्पा महिन्याला शंभर युनिटचा असतो. तिथे कडाक्याच्या थंडीत एका दिवसात त्याहून जास्त जळते.

विजेच्या हीटरचा आणखी एक छुपा तोटा आहे. अनेक ट्रेलरमध्ये भट्टीची गरम हवा थोडी पोटाखालच्या पोकळीतही सोडलेली असते, टाक्या आणि नळ गोठू नयेत म्हणून. गॅस वाचवण्यासाठी माणूस आत विजेचा हीटर लावतो. खोली उबदार राहते, थर्मोस्टॅटची समजूत होते की सारे आलबेल आहे आणि भट्टी सुरूच होत नाही. वर माणूस ऊबेत आणि खाली पाण्याची टाकी गोठलेली. नव्याने ट्रेलरमध्ये राहायला आलेल्यांची पहिल्या हिवाळ्यात हमखास होणारी चूक हीच.

उलट भट्टीही विजेवाचून चालत नाही. तिचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो. हिमवादळात वीज गेली तर साधी बॅटरी एखादी रात्र कशीबशी काढते. थंडीत शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता घटते, तर लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही.

पाणी गोठले तर काय होते?

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. नळ बंद, पाण्याला जायला जागा नाही, मग जोड किंवा पंप फुटतो. फुटल्याचे लगेच कळतही नाही. चार दिवसांनी बर्फ वितळला, की फरशीखालून पाणी यायला लागते.

म्हणूनच उत्पादक हिवाळ्यासाठी जी पद्धत सांगतात ती साधी आहे : टाक्या रिकाम्या करा, नळांत प्रोपिलिन ग्लायकोलचे गुलाबी रंगाचे गोठणरोधक द्रव भरा आणि वसंत ऋतूपर्यंत ट्रेलर बंद ठेवा. आत राहणाऱ्याला हा पर्यायच नाही. त्याला रोज नळ उघडायचा असतो.

मग बाहेरच्या नळापासून ट्रेलरपर्यंत आतून तापणारी नळी टाकावी लागते. ती विजेवर चालते. जमिनीतून वर आलेल्या नळाला तापणारी पट्टी गुंडाळावी लागते. टाक्यांच्या बुडाला तापणारे पॅड चिकटवावे लागतात. या प्रत्येक वस्तूला वीज हवी आणि खांबावरची वीज आधीच अपुरी. काही जण दुसरी वाट धरतात. आठवड्यातून एकदोनदा आतली टाकी भरून घ्यायची, नळी सोडवून आत आणून ठेवायची आणि तेवढेच पाणी जपून वापरायचे. अंघोळ पार्कच्या सामायिक न्हाणीघरात, कपडे लाँड्रीत.

सांडपाण्याचे गणित आणखी नाजूक. सांडपाण्याची झडप सतत उघडी ठेवली तर थेंब थेंब बाहेर जाणारे पाणी नळीत गोठत जाते आणि एके दिवशी नळी तुंबते. म्हणून झडप बंद ठेवायची, टाकी भरत आली की एकदम सोडायची आणि नळीला उतार द्यायचा. शौचालयाची टाकी उणे वीसमध्ये गोठली, तर ती वितळेपर्यंत दुसरा इलाज नसतो.

आत ओल कुठून येते?

बाहेर हवा कोरडी ठणठणीत असताना ट्रेलरच्या भिंतींतून पाणी ओघळते, हे ऐकायला विचित्र वाटते. ते येते माणसांकडूनच. श्वास आणि त्वचा यांतून एका माणसाकडून दिवसाला जवळपास लिटरभर पाणी हवेत जाते. त्यात भाताची वाफ, गरम पाण्याची अंघोळ, वाळत घातलेला टॉवेल. गॅसच्या शेगडीचाही त्यात वाटा असतो. एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ तयार होते. भट्टीची वाफ धुराबरोबर बाहेर जाते, पण शेगडीची आतच राहते.

वीस अंशांच्या, निम्म्या आर्द्रतेच्या हवेला नऊ अंशांचा पृष्ठभाग लागला की तिच्यातले बाष्प पाणी होऊन तिथे बसते. ट्रेलरच्या खिडकीची आतली बाजू तर शून्याच्याही खाली गेलेली असते. तिथे सकाळी बर्फाची नक्षी दिसते. खरा धोका मात्र न दिसणाऱ्या जागी असतो : गादीखालची फळी, कपाटाची मागची बाजू, भिंतीच्या आतला फोम. तिथे बुरशी धरते, लाकूड कुजते आणि घरातल्या दमेकऱ्याला त्रास होतो.

यावर उपाय म्हणजे छताची खिडकी थोडी उघडी ठेवणे. म्हणजे एवढा गॅस जाळून तापवलेली हवा मुद्दाम बाहेर सोडायची! इथेच बहुतेकांचे मन कचरते. ते फटी बुजवतात, झाकणांना उशा लावतात. घर उबदार होते आणि आतून सडायला लागते. बंद हवेत इतर वायूही साठतात. २००५ च्या कतरिना वादळानंतर सरकारने एक लाखाहून अधिक कुटुंबांना ट्रेलर आणि तशाच फिरत्या घरांत ठेवले होते. रहिवाशांना डोळ्यांची आग, खोकला असे त्रास सुरू झाले. २००८ मध्ये सरकारी रोगनियंत्रण केंद्राने ५१९ घरे तपासली, तेव्हा दाबून बनवलेल्या लाकडी फळ्यांतून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण एरवीच्या घरांपेक्षा जास्त आढळले. पुढे २०१० मध्ये अशा फळ्यांसाठी देशभर लागू होणारा कायदा झाला.

जिवाला धोका कशाचा?

ट्रेलरमध्ये थंडीपेक्षा ऊब मिळवण्याचा मार्ग जास्त घातक ठरू शकतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. अपुऱ्या ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. थंडीत दमलेल्या माणसाला ती थकव्याची झोप वाटते. अमेरिकेत आगीव्यतिरिक्त अन्य कारणांनी होणाऱ्या या विषबाधेत दरवर्षी चारशेहून अधिक माणसे दगावतात. ती अर्थातच सगळी ट्रेलरमधली नसतात. पण लहान, बंद जागा आणि आत पेटलेली ज्योत हा मेळ इथे रोजचा आहे.

भट्टी बंद पडली म्हणून शेगडीचे बर्नर पेटवून ऊब घेणे, बाहेर वापरायचा गॅस हीटर आत आणणे, जनरेटर खिडकीजवळ लावणे, बर्फाने भट्टीचे धुराचे तोंड बुजणे, ही त्याची नेहमीची कारणे. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत असणे आणि हिमवृष्टीनंतर धुराचे तोंड मोकळे करणे, या दोन गोष्टी बाकी सगळ्याच्या आधी येतात. दुसरा धोका आगीचा. जादा हीटर एकाच वायरवर, त्याला टेकलेले पांघरूण आणि लाकूड-फोमच्या भिंती. अशी आग काही मिनिटांत सारे घर गिळते. संकटकाळी बाहेर पडायची खिडकी बर्फाने गोठून बसली असेल, तर मार्गच उरत नाही.

तरीही लोक हिवाळा कसा काढतात?

त्यांचा पहिला उपाय 'स्कर्टिंग'. ट्रेलरच्या तळापासून जमिनीपर्यंत चारही बाजूंनी फोमच्या पाट्या, जाड ताडपत्री किंवा प्लायवूड लावून पोटाखालची जागा बंद करतात. वारा थांबतो आणि जमिनीची ऊब तिथे कोंडते. गवताच्या गासड्याही रचल्या जातात, पण त्या पेट घेतात आणि त्यांत उंदीर शिरतात. खर्चाच्या मानाने सर्वाधिक फायदा या एका कामातून होतो, पण ते थंडी सुरू होण्याआधी करावे लागते. जमीन गोठल्यावर खुंटी ठोकणेही कठीण.

त्यानंतर खिडक्यांना आतून पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, दारात जाड ब्लँकेट, जमिनीवर गालिचा, गादीखाली हवा खेळावी म्हणून जाळी आणि बाष्प शोषणारे यंत्र. काही उत्पादक 'फोर सीझन' म्हणजे चारही ऋतूंत चालणारे ट्रेलर विकतात. त्यांत जाड थर, दुहेरी काचा आणि बंदिस्त, तापवलेले पोट असते. मात्र या शब्दाला सर्वमान्य व्याख्या नाही. एका कंपनीचा चौथा ऋतू उणे पाचचा, तर दुसऱ्या कंपनीचा उणे वीसचा असू शकतो. घेताना जाहिरातीवर न जाता भिंतीतला थर, काचा आणि टाक्यांची जागा पाहावी, असे जाणकार सांगतात.

कायदा याला घर मानतो का?

प्रश्नाचे मूळ इथे आहे. कारखान्यात बनणाऱ्या घरांसाठी अमेरिकेत १९७६ पासून केंद्रीय बांधकाम नियम लागू आहेत. त्यांत उष्णतारोधनाच्या अटीही आहेत. थंड पट्ट्यातील घराला जाड थर सक्तीचा. आरव्ही या नियमांतून वगळलेल्या आहेत. गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याने २०१८ मध्ये ही सूट आणखी स्पष्ट केली. आरव्ही म्हणजे करमणुकीसाठीचे वाहन, ते कायमच्या वास्तव्यासाठी नाही, अशी त्याची व्याख्या. बऱ्याच उत्पादकांच्या हमीपत्रातही कायम राहिल्यास हमी लागू नाही, असे कलम असते. विमाही वेगळा घ्यावा लागतो. अनेक गावांत स्वतःच्या जमिनीवरही ट्रेलरमध्ये बारमाही राहायला बंदी आहे. काही पार्क हिवाळ्यात पाणी बंद करून कुलूप लावतात.

घर की वाहन, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता. १९८५ च्या 'कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी' खटल्यात, रस्त्यावर चालण्याजोग्या मोटरहोमची झडती मोटारीप्रमाणेच वॉरंटविना घेता येते, असा निकाल लागला. चाके काढून ठोकळ्यांवर ठेवलेल्या किंवा वीज-पाण्याला जोडलेल्या वाहनाचे काय, हा मुद्दा न्यायालयाने तेव्हा उघडाच ठेवला. म्हणजे स्कर्टिंग लावून, नळ जोडून हिवाळा काढणारा माणूस नेमका या उघड्या राहिलेल्या प्रश्नात राहतो.

मग ते दक्षिणेला का जात नाहीत?

घराला चाके आहेत, तर ऊबेकडे जावे, हा साधा प्रश्न. हजारो जण तसे करतातही. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावाभोवती दर हिवाळ्यात ट्रेलरांचे शहर वसते. तिथे सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मुक्कामाचे परवाने मिळतात. पण त्यासाठी निवृत्तिवेतन हवे किंवा कुठूनही करता येणारे काम. तेलविहिरीवरच्या कामगाराला कामावर हजर राहावे लागते. मुलांची शाळा जानेवारीत सोडता येत नाही. कुणाचे उपचार त्या गावातल्या रुग्णालयात चालू असतात. कुणाचा ट्रेलर ओढणारा ट्रक कधीच विकला गेलेला असतो. ज्याला जाता येते तो जातो; उणे तीसमध्ये मागे राहतो तो, ज्याच्या घराची चाके नावापुरतीच उरली आहेत.

भारतात कॅराव्हॅन अजून पर्यटनाच्याच खात्यात आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्यासाठी धोरणही आणले. त्यामुळे समाजमाध्यमांवर दिसणारे बर्फातले उबदार ट्रेलर, खिडकीतला दिवा आणि हातातला कॉफीचा कप आपल्याला मोहात पाडतात. प्रत्यक्षातला हिशेब वेगळा आहे. ट्रेलर घेताना घराच्या किमतीचा छोटासा भाग द्यावा लागतो, पण भिंतीत न घातलेल्या थराची किंमत रहिवासी दर हिवाळ्यात गॅसच्या, विजेच्या आणि फुटलेल्या नळांच्या रूपाने फेडत राहतो. घराची किंमत बहुधा वाढते, ट्रेलरची दरवर्षी घसरते. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही, त्यालाच ही हप्त्याहप्त्याची महागाई पत्करावी लागते. आणि ज्या घरात तो राहतो ते कायद्याने घरच नसल्याने, जाड भिंत मागायची तरी कुणाकडे, याचे उत्तर त्याच्याकडे नसते.